लॅटिन मुळांवरून इंग्रजी शब्दसंग्रह: सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅटिन मूळ म्हणजे नेमकं काय?

व्याकरणाच्या तासाला आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द ओळीने शिकवतात. धातू एकच, ‘हृ’. पुढचा उपसर्ग बदलला की अर्थ फिरतो. इंग्रजीतल्या लांब शब्दांची घडण अशीच असते, फक्त तिथला धातू बहुतेक वेळा लॅटिन असतो. त्या धातूलाच इथे आपण मूळ म्हणतोय.

‘स्पेक्ट’ हे मूळ घ्या. अर्थ पाहणे. इन्स्पेक्टर म्हणजे आत डोकावून पाहणारा. रिस्पेक्ट म्हणजे पुन्हा वळून पाहणे, त्यावरून आदर. सस्पेक्टमध्ये ‘सब’ म्हणजे खालून हा उपसर्ग आहे. खालून, तिरक्या नजरेने पाहणे म्हणजे संशय घेणे. प्रॉस्पेक्टस म्हणजे पुढे काय आहे ते दाखवणारं पुस्तक, पी.यू.सी.च्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, प्रवेशाला कॉलेजात मिळतं ते. एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर पाहत राहणे, आणि मराठीतही आपण ‘वाट पाहतो’ असंच म्हणतो. पाच शब्द वेगवेगळे घोकले तर पाच ओझी. मूळ कळलं तर एकच ओझं, आणि तेही हलकं.

इंग्रजी लॅटिनमधून जन्मली का?

नाही. इंग्रजी जर्मनिक कुळातली भाषा. खाणे, पिणे, जाणे, पाणी, घर, हात यांसाठीचे तिचे रोजचे छोटे शब्द त्याच कुळातले आहेत. 1066 साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या सरदाराने (ड्यूकने) इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कोर्ट, कर, लष्कर यांचे शब्द फ्रेंचमधून आले. फ्रेंच ही लॅटिनची लेक. पुढे विद्वानांनी विज्ञान, वैद्यक, कायदा यांसाठी थेट लॅटिनमधून शब्द उचलले. आज इंग्रजी शब्दकोशातले अर्ध्याहून अधिक शब्द थेट किंवा फ्रेंचमार्गे लॅटिनकडे जातात.

म्हणून इंग्रजीत एकाच कामाला दोन शब्द सापडतात. बोलताना ‘पुट ऑफ’, अर्जात ‘पोस्टपोन’. दोन्ही म्हणजे पुढे ढकलणे, आणि ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोन’ म्हणजे ठेवणे. अवघड वाटतो तो दुसरा शब्द, पण फोडता येतो तोही दुसराच. ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’, ‘गेट ओव्हर’ यांना मुळांचा काही उपयोग नाही. ते वाक्यातूनच शिकावे लागतात.

संस्कृतशी याचा संबंध आहे असं ऐकलं, खरं का?

खरं. विल्यम जोन्स हे कलकत्त्यात न्यायाधीश होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं त्यांनी 1786 मध्ये एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. भाषाशास्त्राने ते पुढे पुराव्यानिशी सिद्ध केलं. संस्कृत आणि लॅटिन ही आई-मुलगी नव्हेत, बहिणी आहेत.

मराठी मुलाला याचा फायदा सरळ आहे. बरीच मुळं त्याच्या ओळखीची निघतात. दंत आणि डेंटिस्ट. पाद आणि पेडल. मृत्यू आणि मॉर्च्युअरी. अग्नी आणि गाडीचं इग्निशन. नौका आणि नेव्ही. दान आणि डोनेशन. स्थान आणि स्टेशन. मन आणि मेंटल. भार आणि ट्रान्सफरमधला ‘फर’, म्हणजे वाहून नेणे. योग, युक्त यांतला ‘युज्’ म्हणजे जोडणे, लॅटिनमध्ये ‘जंक्ट’. लोंड्याला गोव्याची लाईन जोडते, म्हणून ते लोंडा जंक्शन. खानापूरकडच्या मुलाला ‘जंक्शन’ एकदा असं कळलं की व्याकरणातलं ‘कन्जंक्शन’, म्हणजे दोन वाक्यं जोडणारा शब्द, वेगळं पाठ करावं लागत नाही.

मात्र कानाला सारखं लागलं म्हणजे नातं असतंच असं नाही. ‘दिवस’ आणि लॅटिन ‘दिएस’ यांचं नातं आहे, त्या ‘दिएस’वरूनच डायरी आली. पण इंग्रजी ‘डे’ या घराण्यातला नाही. म्हणून जोडी स्वतः जुळवली असेल तर शब्दकोशात पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

घरी मराठी, शाळेत कन्नड, वर इंग्रजी. आता लॅटिनही? मुलांवर ओझं होणार नाही का?

लॅटिन भाषा शिकायची नाही. तिची विभक्ती नको, वाक्यं नकोत. साधारण 40 मुळं आणि 20 उपसर्ग, एवढंच.

आणि सीमाभागातलं मूल या कामात तयार असतं. ‘मने’ म्हणजे घर, ‘मनेयल्लि’ घरात, ‘मनेयिंद’ घरून, ‘मनेगे’ घराकडे. मूळ शब्द तोच ठेवून शेपूट बदलायची सवय त्याला रस्त्यावर खेळतानाच लागलेली असते. कन्नड द्राविड कुळातली, त्यामुळे तिचे अस्सल शब्द लॅटिनशी जुळणार नाहीत. पण कन्नडमध्येही संस्कृत शब्द भरपूर आहेत. दंत, दान, मृत्यू हे कन्नड माध्यमातल्या मित्रालाही कळतात. दोघांनी मिळून अभ्यास केला तर उत्तम.

रोजच्या मराठीत लॅटिनमधून आलेले शब्द आहेत का?

आहेत, आणि ते गोव्याच्या वाटेने आलेत. पोर्तुगीज ही लॅटिनची दुसरी लेक, आणि गोवा आपल्याला घाट उतरला की लागतो.

‘नाताळ’ घ्या. मूळ ‘नाट’, जन्मणे. नेटिव्ह म्हणजे जिथे जन्मला तिथला. नेशन, नेचर याच मुळाचे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी होते ती ए.एन.सी., म्हणजे अँटिनेटल केअर. ‘अँटि’ इथे आधी, ‘नेटल’ म्हणजे जन्माचं. जन्माआधीची काळजी. नाताळ आणि ए.एन.सी.च्या कार्डावरचा शब्द एकाच मुळाचे.

‘चावी’ लॅटिन ‘क्लाविस’वरून आली. खांद्याजवळच्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ छोटी चावी. ‘पाव’ ‘पानिस’वरून. कंपनी म्हणजे मुळात एकत्र बसून पाव खाणारे. ‘पगार’ आणि इंग्रजी ‘पे’ एकाच शब्दातून निघाले. त्याचा अर्थ होता शांत करणे, सावकाराचं समाधान करणे, आणि पॅसिफिक महासागर म्हणजे शांत महासागर हाही त्याच घरातला. सुरुवात या शब्दांनी करावी. मूल घाबरत नाही.

पहिली मुळं कोणती घ्यावीत?

ज्यांचे शब्द मूल आधीच बोलतं, ती. अनोळखी शब्दांनी सुरुवात केली की मूळही अनोळखी राहतं.

‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे. चिकोडी, अथणीकडे उसाची ट्रॉली ओढतो तो ट्रॅक्टर. मग अट्रॅक्ट आपल्याकडे ओढणे, सबट्रॅक्ट खालून काढून घेणे म्हणजे वजा करणे, एक्स्ट्रॅक्ट बाहेर ओढणे म्हणजे अर्क, कॉन्ट्रॅक्ट दोघांना एकत्र ओढणे म्हणजे करार.

‘मिस’ किंवा ‘मिट’ म्हणजे पाठवणे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर नेमलेल्या महाजन कमिशनचं नाव सीमाभागातल्या घराघरांत ऐकलेलं असतं. कमिशन म्हणजे काम सोपवून पाठवलेले लोक. मिशन, ॲडमिशन, परमिशन, ट्रान्समिशन, डिसमिस. कोल्हापूरकडे जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर म्हणतात, बेळगावात डी.सी., म्हणजे डेप्युटी कमिशनर. कमिशनरमध्ये ‘मिस’ आहे, तर कलेक्टरमध्ये ‘लेक्ट’, म्हणजे वेचणे, गोळा करणे. त्यावरून कलेक्शन, सिलेक्शन, इलेक्शन.

‘पेंड’ म्हणजे टांगणे, लटकणे. केस पेंडिंग आहे म्हणजे लटकली आहे, मराठीही अगदी तेच म्हणते. सस्पेंड, डिपेंड, पेंडंट, अपेंडिक्स. यापुढे पोर्ट (वाहून नेणे), डिक्ट (बोलणे), स्क्रिप्ट (लिहिणे), डक्ट (नेणे), रप्ट (फुटणे), स्ट्रक्ट (रचणे), जेक्ट (फेकणे), व्हर्ट (वळणे). इतकी झाली की पुढची मुळं मुलं स्वतः विचारू लागतात.

वही कशी ठेवावी? रोज किती वेळ द्यावा?

एक शंभर पानी वही पुरते. मुळामागे समोरासमोरची 2 पानं, 40 मुळांची 80 पानं. उरलेल्या 20 पैकी 10 पानं उपसर्गांना, 10 पानं फसव्या शब्दांना.

डाव्या पानावर वर मूळ आणि मराठी अर्थ, शेजारी संस्कृत किंवा मराठी जोडीदार असला तर तो. खाली 6 शब्द, प्रत्येकाची फोड करून: उपसर्ग, मूळ, प्रत्यय यांच्यामध्ये उभ्या रेघा. उजव्या पानावर त्या सहाही शब्दांची वाक्यं. हे पान बहुतेक मुलं कोरं सोडतात, आणि मग शब्द ओळखता येतो पण वापरता येत नाही. वाक्य आपल्या गावचं असावं. ‘ट्रान्सपोर्ट’चं वाक्य निपाणीच्या तंबाखूच्या ट्रकवर केलं तर ते लक्षात राहतं.

रोज 20 मिनिटं. सोमवारी एक मूळ, गुरुवारी दुसरं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार फक्त उजळणी, आणि तीही उजवं पान झाकून. रविवारी आठवड्याच्या 12 शब्दांची परीक्षा: 10 किंवा जास्त बरोबर आले तर पुढे जा, 9 किंवा कमी आले तर पुढच्या आठवड्यात एकच मूळ घ्या. प्रत्येक मूळ शिकल्यावर 1, 3, 7 आणि 21 दिवसांनी पुन्हा चाळायचं. त्या तारखा पानाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा, नाहीतर एकविसाव्या दिवसाची उजळणी हमखास राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर 20 आठवड्यांत, म्हणजे दिवाळीच्या आसपास, 40 मुळं आणि 240 शब्द होतात. दसऱ्याच्या सुट्टीत नवीन काही न घेता मागचं सगळं फिरवून काढावं.

इथे शब्द देवनागरीत दिलेत. वहीतही तसेच लिहायचे का?

नाही, वहीत इंग्रजी अक्षरांतच लिहायचे. इथला शब्द वाचा, स्पेलिंग आठवून लिहा, मग शब्दकोशात ताडून पाहा. या तीन पायऱ्यांतच निम्मा अभ्यास होतो.

यामागे आणखी एक कारण आहे आणि मराठी मुलांसाठी ते फार महत्त्वाचं आहे. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते. ‘नेशन’ आणि ‘नॅशनल’ देवनागरीत लिहिले की पहिलं अक्षरच बदलतं. ‘नेचर’ आणखी वेगळा वाटतो. इंग्रजीत मात्र तिन्हींची सुरुवात एन-ए-टी अशीच आहे. इंग्रजी मूळ डोळ्यांनी ओळखायचं असतं, कानाने नव्हे. तसंच ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शस’. ऐकायला काही साम्य नाही, पण दोन्हींत एस-सी-आय आहे, अर्थ जाणणे.

सी या अक्षराचा नियम पाठच करावा. पुढे ई, आय किंवा वाय असेल तर बहुतेक ‘स’, ए, ओ, यू किंवा व्यंजन असेल तर ‘क’. इलेक्ट्रिकमधला ‘क’ इलेक्ट्रिसिटीत ‘स’ होतो, तो यामुळेच.

एकाच मुळाची दोन रूपं का? कधी ‘मिट’, कधी ‘मिस’?

संस्कृतात वच् चं उक्त होतं, दृश् चं दृष्ट, त्यज् चं त्यक्त. लॅटिन क्रियापदालाही असंच दुसरं रूप असतं. इंग्रजीने दोन्ही उचलली, आणि ढोबळमानाने वाटणी अशी केली: क्रियापदात पहिलं रूप, नामात दुसरं.

परमिट, परमिशन. डिस्क्राइब, डिस्क्रिप्शन. डिव्हाइड, डिव्हिजन. प्रोड्यूस, प्रोडक्शन. रिसीव्ह, रिसेप्शन. कन्व्हर्ट, कन्व्हर्जन. सॉल्व्ह, सोल्यूशन. ही वाटणी कळली की ‘क्रियापदाचं नाम करा’ हा प्रश्न पाठांतराचा राहत नाही. ‘करणारा’ दाखवणारं ‘ऑर’ हे शेपूटही दुसऱ्याच रूपाला लागतं: कंडक्टर, इन्स्पेक्टर, डायरेक्टर, कलेक्टर. म्हणून यांच्या शेवटी ओ-आर येतं, ई-आर नाही. टीचर, ड्रायव्हर, बेकर हे इंग्रजी घराण्यातले, त्यांना ई-आर.

स्पेलिंगमध्ये कुठे एक अक्षर आणि कुठे दोन, हे कसं ठरवायचं?

फोड करून. उत् अधिक चार उच्चार, उत् अधिक लेख उल्लेख, सत् अधिक जन सज्जन. पहिल्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्यासारखं होतं आणि जोडाक्षर तयार होतं. लॅटिनमध्येही हाच संधी आहे. ‘इन’ अधिक लीगल म्हणजे इल्लीगल, म्हणून दोन एल. ‘इन’ अधिक रेग्युलर, म्हणून दोन आर. ‘ॲड’ म्हणजे कडे. तो सी पुढे सी होतो, एफ पुढे एफ, पी पुढे पी, टी पुढे टी. ॲक्सेप्टमध्ये दोन सी, अफेक्टमध्ये दोन एफ, अप्रूव्हमध्ये दोन पी, अट्रॅक्टमध्ये दोन टी येतात त्या यामुळे.

सगळ्यांत जास्त चुकणारा शब्द ‘अकॉमोडेशन’. यात ॲड, कॉम, मोड असे तीन तुकडे आहेत. ॲडचा डी सी झाला, कॉमचा सी त्याला भेटला, म्हणून दोन सी. कॉमचा एम आणि मोडचा एम, म्हणून दोन एम. ‘रेकमेंड’मध्ये री, कॉम, मेंड. रीला व्यंजन उरत नाही, म्हणून सी एकच, एम मात्र दोन. इंटर अधिक रप्ट, म्हणून दोन आर. ई अधिक रप्ट, म्हणून इरप्टमध्ये एकच. डिस अधिक सॅटिस्फाय, दोन एस. डिस अधिक अपॉइंट, एस एक आणि पी दोन.

मराठी माध्यमातून पी.यू.सी. सायन्सला गेल्यावर पुस्तकच कळत नाही. तिथे उपयोग होतो का?

सर्वांत जास्त तिथेच होतो. मुलाला विषय येत असतो, दहावीपर्यंत मराठीत शिकलेला असतो. शब्द अडतो.

रिफ्लेक्शन आणि रिफ्रॅक्शन यांत हमखास गोंधळ होतो. ‘फ्लेक्ट’ म्हणजे वाकणे, फ्लेक्सिबल आठवा. किरण आरशावरून मागे वळतो, ते परावर्तन. ‘फ्रॅक्ट’ म्हणजे मोडणे, हात मोडला की आपण फ्रॅक्चर म्हणतो. पाण्याच्या बादलीत काठी तिरपी धरा, पाण्याच्या रेषेवर ती मोडल्यासारखी दिसते. किरण तिथे मोडतो, ते अपवर्तन. फ्रॅक्चर आठवलं की पुन्हा चूक होत नाही.

उष्णतेच्या धड्यात कंडक्शन आणि कन्व्हेक्शन येतात. ‘डक्ट’ म्हणजे नेणे, हाती धरून पुढे नेणे. धातूच्या पळीत कण जागेवरच राहतात आणि उष्णता पुढच्याकडे देतात. ‘व्हेक्ट’ म्हणजे वाहणे, आणि हा आपला ‘वह्’ धातूच आहे. वाहन, व्हेइकल, व्हेक्ट एकाच घरातले. कन्व्हेक्शनमध्ये गरम पाणी स्वतः वर जातं आणि उष्णता सोबत वाहून नेतं. जीवशास्त्रात रोग वाहून आणणाऱ्या डासाला व्हेक्टर म्हणतात, आणि भौतिकशास्त्रातल्या सदिश राशीलाही व्हेक्टर. दोन विषयांच्या वह्यांत एकच शब्द वेगळ्या अर्थाने का, हा प्रश्न मुलांना छळतो. मूळ ‘वाहक’ आहे हे कळलं की तो सुटतो.

रसायनशास्त्रातलं सोल्यूशन म्हणजे द्रावण, गणितातलं सोल्यूशन म्हणजे उकल. मूळ ‘सॉल्व्ह’, सोडवणे, सैल करणे. मीठ पाण्यात सुटतं आणि गणितही सुटतं.

नव्या धड्याला बसताना आधी ठळक छापलेले शब्द वेगळे काढा, साधारण 10 ते 15 निघतात. फोडता येतील तेवढे फोडा, उरलेल्यांचा अर्थ पाहा, मग धडा वाचा. उलट क्रमाने, म्हणजे वाचताना अडेल तिथे थांबून शब्द पाहत गेलं, तर वाक्याचा धागा तुटतो आणि एका पानाला तास जातो.

आय.टी.आय. किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना काही फायदा?

फाउंड्री हाच शब्द घ्या. ‘फुंड’ किंवा ‘फ्यूज’ म्हणजे ओतणे. फाउंड्री म्हणजे ओतकामाची जागा. रक्त चढवणे ट्रान्सफ्यूजन, पैसे परत ओतणे रिफंड, वितळणारी तार फ्यूज. भट्टीच्या इंडक्शनमध्ये ‘डक्ट’ आहे. फाउंडेशन मात्र या घरातलं नाही, ते तळ या अर्थाच्या वेगळ्या शब्दावरून आलंय. आणि ‘कास्टिंग’ लॅटिन नाहीच, ते उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलं. मॅन्युअलवरचे लांब शब्द फोडावेत, पण हत्यारांची छोटी नावं फोडत बसू नये.

मुळं कुठे फसवतात?

बऱ्याच ठिकाणी, आणि हे लपवून शिकवणं चूक आहे.

एकसारखी दिसणारी मुळं असतात. लॅटिन ‘पेड’ म्हणजे पाय, पण पीडिएट्रिशियनमधला ‘पेड’ ग्रीक, अर्थ मूल. ‘सोल’ सोलरमध्ये सूर्य, सोलोमध्ये एकटा. ‘मॅन’ मॅन्युअलमध्ये हात, पर्मनंटमध्ये राहणे. ‘टेर’ टेरिटरीत जमीन, टेररमध्ये भीती. ‘अँटि’ ए-एन-टी-ई लिहिलं तर आधी, ए-एन-टी-आय लिहिलं तर विरुद्ध. म्हणून अँटिनेटल जन्माविरुद्ध नव्हे.

‘इन’ उपसर्गाचे अर्थ दोन: आत आणि नाही. इन्जेक्टमध्ये आत, इनव्हिजिबलमध्ये नाही. ‘इन्फ्लेमेबल’ डब्यावर लिहिलेलं दिसलं की मुलं न पेटणारा असा अर्थ लावतात. अर्थ उलटा आहे, पटकन पेट घेणारा. इथली चूक जिवावर बेतते. पेट्रोल, थिनरच्या डब्यांवर आता बहुधा ‘फ्लेमेबल’ लिहितात ते हा गोंधळ टाळण्यासाठीच.

अर्थही काळाबरोबर सरकतात. मॅन्युफॅक्चर म्हणजे हाताने बनवणे, आज ते यंत्राने होतं. सप्टेंबरमध्ये सप्त, ऑक्टोबरमध्ये अष्ट, डिसेंबरमध्ये दश आहे, पण महिने नववा, दहावा, बारावा, कारण रोमनांचं जुनं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं. सॅलरीचं मिठाशी नातं आहे हे खरं, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून देत ही सगळीकडे फिरणारी गोष्ट पुराव्यावर टिकत नाही. ती मुलांना सांगू नये.

मग अंदाजावर किती भरवसा ठेवायचा?

अंदाज वाक्यात बसवून पाहा. शब्द नाम आहे की विशेषण, हे शेपटावरून तपासा: ‘शन’, ‘इटी’, ‘मेंट’ नाम, ‘एबल’, ‘इव्ह’, ‘अस’ विशेषण. त्यानंतर शब्दकोश. परीक्षेत शब्दकोश नसतो, पण घरी असताना तिसरी पायरी सोडलीत तर चुकीचा अर्थ पक्का होतो आणि तो पुसणं नव्याने शिकण्यापेक्षा कठीण.

शब्दकोश घेताना नोंदीच्या शेवटी व्युत्पत्ती दिली आहे ना ते पाहून घ्या. विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या आवृत्त्यांत ती बहुधा गाळलेली असते.

ग्रीक मुळंही शिकावीत का?

डॉक्टरकीकडे जायचं असेल तर हो, पण 40 लॅटिन मुळं झाल्यावर. अवयवांना बहुधा दोन नावं असतात. मूत्रपिंडाचं लॅटिन ‘रीनल’, ग्रीक ‘नेफ्रो’. म्हणून रिपोर्टावर रीनल, डॉक्टरच्या पाटीवर नेफ्रॉलॉजिस्ट. फुप्फुसाचं पल्मनरी लॅटिन, न्यूमोनिया ग्रीक. दोन्ही एकाच पानावर समोरासमोर लिहा.

बँक, एन.डी.ए.च्या परीक्षेसाठी मुळं पुरतील का?

एकटी नाही. समानार्थी, विरुद्धार्थी शब्दांत चांगली मदत होते, कारण उपसर्ग ओळखला की अर्थाची दिशा कळते. वाक्प्रचार आणि शब्दयोगी अव्ययांच्या प्रश्नांत काहीच होत नाही. दिवसाला 20 मिनिटं मुळांना दिलीत तर 30 मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्राच्या वाचनाला द्या. शिकलेलं मूळ बातमीत भेटलं की त्याखाली रेघ ओढा. सीमाप्रश्नाच्या बातमीत ज्युरिसडिक्शन येतो: ‘ज्युरिस’ कायद्याचा, ‘डिक्शन’ बोलणे. कायदा बोलण्याचा अधिकार जिथवर, तिथवर अधिकारक्षेत्र.

कितव्या वर्षी सुरू करावं? आम्हाला स्वतःला इंग्रजी येत नाही.

पाचवीपर्यंत नको. तेव्हा ऐकणं, बोलणं, छोटे शब्द. सहावी-सातवीत उपसर्ग, आठवीपासून मुळं. दहावीच्या वर्षी नवीन सुरुवात करायची तर आठवड्याला एकच.

आई-वडिलांना इंग्रजी यायची गरज नाही. मुलाने शब्द फोडून मराठीत सांगायचा आणि तुम्ही ‘म्हणजे काय रे?’ एवढंच विचारायचं. ‘पेंडिंग म्हणजे लटकलेलं’ हे आजीला पटेल अशा शब्दांत सांगता आलं, तर ते त्याला कळलंय. फक्त ‘पेंड म्हणजे हँग’ असं इंग्रजीला इंग्रजी उत्तर आलं, तर अजून कळलेलं नाही. त्या मुळाला पुढच्या आठवड्यात परत घ्या.

‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यात न बोलला जाणारा बी कशाला?

हा शब्द फ्रेंचमधून बी शिवाय आला होता. पुढे विद्वानांनी लॅटिन ‘देबितुम’शी असलेलं नातं दिसावं म्हणून बी परत घातला, उच्चार मात्र बदलला नाही. ‘डाउट’मधला बी आणि ‘रिसीट’मधला पी असेच आले. हे बी आणि पी पाठ करायची युक्ती म्हणजे ते जिथे ऐकू येतात तो भावंड शब्द शेजारी लिहायचा. डेटशेजारी डेबिट, रिसीटशेजारी रिसेप्शन. साइनमध्ये जी ऐकू येत नाही, सिग्नल आणि सिग्नेचरमध्ये येतो. बँकेच्या पासबुकात डेबिट छापलेलंच असतं, त्यातला बी बोटाने दाखवा आणि त्याच पानावर मुलाला ‘डेट’ लिहायला सांगा.